तीन ओळींच्या बेबीताई

आमच्या डोक्यावर दर रविवारी दुपारी दोन वाजता खुर्च्या सरकायच्या. एक नाही, चार. आधी खिडकीकडची, मग दाराकडची, मग भिंतीकडची, मग स्वयंपाकघराकडची. पुन्हा खिडकीकडची. खर्रर्र, थोडी शांतता, खर्रर्र. हे पाच वाजेपर्यंत.

रविवारची दुपार नोकरदार माणसाला आठवड्यातून एकदाच मिळते. मटण झालेलं असतं, पंखा तीनवर असतो, बायकोने सांगितलेली कामं कानाआड केलेली असतात. खांदेश्वरच्या या बिल्डिंगमध्ये राहायला आल्यावर दोन रविवार मी सहन केले. तिसऱ्या रविवारी उठलो, शर्ट अडकवला आणि वर गेलो. "भांडू नका हं," असं सुजाता म्हणाली, पण तिचा सूर 'भांडा' असाच होता.

दार उघडंच होतं. आत एक टेबल, चार लोखंडी खुर्च्या, चार ठिकाणी पत्त्यांचे चार हात मांडलेले, आणि माणूस एकच. साठीच्या आसपासच्या एक बाई. फुलाफुलांचा गाऊन, चष्मा दोरीने गळ्यात. त्या खिडकीकडच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, एक पत्ता हळूच मांडीखाली सरकवला, उठल्या, खर्रर्र करून समोरच्या खुर्चीत जाऊन बसल्या आणि आत्ताच सोडलेल्या खुर्चीकडे बोट दाखवून ओरडल्या, "लपवलास ना रं? बगितला मी!"

मी दारातच थिजलो. म्हटलं, "ताई... पाहुणे आलेत का?"

"नाय. टेस्टिंग चालू हाय." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवून मला नीट न्याहाळलं. "तुमी खालचे. जाधव. तक्रार हाय?"

"हो. म्हणजे, खुर्च्या..."

"मग इश्यू टाका."

"काय टाकू?"

"इश्यू. माझी वेबसाइट हाय, तिच्यावर तक्रारीचं पान हाय. तोंडी घेत नाय मी. तोंडी सांगितलेली तक्रार मानूस इसरतो, नायतर वाढवून सांगतो." असं म्हणून त्यांनी मला एका चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला आणि तिसऱ्या खुर्चीत जाऊन बसल्या. खर्रर्र.

मी गेली अठरा वर्षं महापेला कॉम्प्युटरच्या कंपनीत काम करतो. इश्यू कसा टाकतात हे मला गाऊनमधल्या बाईंनी शिकवावं याचा राग आला, म्हणून मी तो अगदी कंपनीतल्यासारखा टाकला. 'विषय : खुर्च्यांचा आवाज. तीव्रता : फार. पुन्हा कधी घडते : दर रविवारी.' बुधवारी उत्तर आलं. 'आवाज मान्य. कारण : खुर्चीचे पाय लोखंडी. उपाय : मोजे. रविवारी तपासून कळवा.'

सोळा पायांना सोळा मोजे. रविवारी वर चिडीचूप. एवढं चिडीचूप की मला झोपच येईना. आता दाराकडचा काय खेळला असेल, खिडकीकडच्याने पुन्हा पत्ता लपवला असेल का, असले विचार डोक्यात. साडेतीनला मी शर्ट अडकवून पुन्हा वर गेलो, या वेळी स्वतःहून.

"आवाज आला?" त्यांनी घाबरून विचारलं.

"नाही. बघायला आलो."

"मग आदी 'फिक्स झाला' म्हनून लिवा. मग बसा."

तर या बेबीताई घरत. बेबी हे लाडाचं नाव नाही. आधारकार्डावरही बेबीच आहे. मूळच्या उरणकडच्या जासई गावच्या. आई लवकर गेली, चार भाऊ पाठचे. ते चौघं मोठे होईपर्यंत बेबीताईंच्या लग्नाचं वय निघून गेलं, आणि हे कोणाच्या लक्षात आलं तेव्हा घरात चार सुना यायला लागल्या होत्या. भावांनी पुढे जासईला मोठा बंगला बांधला. बेबीताईंनी नोकरीच्या पैशांतून खांदेश्वरला दोन खोल्या घेतल्या आणि तिथे एकट्या राहू लागल्या. बोलतात दोन प्रकारचं. आमच्याशी थोडं शहरी, आणि चिडल्या किंवा हरखल्या की थेट जासईचं.

पत्त्यांचा खेळ त्या स्वतः तयार करतात. तयार करतात म्हणजे नियमापासून चित्रापर्यंत. आणि नवा खेळ लोकांपुढे ठेवण्याआधी तो खेळून बघावा लागतो. त्याला चार माणसं लागतात. बेबीताईंकडे चार माणसं नाहीत, म्हणून त्या एकट्या चार होतात.

"पन चारी डोकी येगळी पायजेत," त्यांनी मला समजावलं. "एकच डोकं चार खुर्च्यांवर बसवला तर गेम खोटा चालतो. हा खिडकीवाला लबाड. हा दारावाला घाईचा, न बगता पत्ता टाकतो. भिंतीवाला इसरतो, त्याची पाळी त्याला सांगावी लागते. आन हा किचनवाला हरला की रडतो."

"अगदी खरीखुरी माणसं वाटतात."

"खरीच हायत. भाऊ माझे." त्या पत्ते पिसत म्हणाल्या. "गनपतीत रात-रात खेळायचे. मी चा करून देयाची आन मागं हुबी राहून बगायची. चौघांचे पत्ते मना दिसायचे. कोन काय चूक करतो ते समदा दिसायचा."

"आणि तुमचा हात?"

"माझा कशाला? मी वाटते."

कॉम्प्युटर त्या कसा शिकल्या, ती एका चिडण्याची गोष्ट आहे. न्हावा शेव्याहून येणारे कंटेनर जिथे ठेवतात, तसल्या एका यार्डाच्या गेटवर त्या एकतीस वर्षं नंबर टाइप करायला होत्या. ट्रेलर आला की काचेच्या भोकातून कागद आत येणार, बेबीताई कंटेनरचा नंबर मशीनमध्ये टाकणार, पास बाहेर जाणार. चार अक्षरं, सात आकडे. त्यातला शेवटचा आकडा आधीच्या दहांवरून हिशेबाने निघतो. तो जुळला नाही तर नंबरात कुठेतरी चूक आहे. मशीनला हे कळायला एक क्षण लागतो. बेबीताईंना तेवढाही लागत नाही.

एकदा मी त्यांना गाडीतून उरणला नेत होतो. सिग्नलला शेजारी ट्रेलर उभा. बेबीताईंनी काच खाली केली, मान बाहेर काढली आणि म्हणाल्या, "हा खोटा हाय."

"कोण?"

"नंबर." आणि माझ्या गाडीतून उतरून त्या ट्रेलरच्या दाराशी. "ओ भैया! तुम्हारा नंबर गलत है!"

ड्रायव्हर वरून म्हणाला, "मावशी, मेरा नंबर तो आपके पास है ही नहीं."

मागे पन्नास गाड्यांचे हॉर्न. शेवटी तो बिचारा खाली उतरला, त्याने कागद काढला. कंटेनर नवा रंगवला होता आणि रंगाऱ्याने दोन आकड्यांची अदलाबदल केली होती. ड्रायव्हरने बेबीताईंना वाकून नमस्कार केला. त्या गाडीत येऊन बसल्या आणि पट्टा लावत म्हणाल्या, "पुढं गेटवर आडकला असता गरीब."

तर चिडण्याची गोष्ट. त्या यार्डातल्या प्रोग्रामात 'एम्टी', म्हणजे रिकामा कंटेनर, या शब्दाचं स्पेलिंग चुकलं होतं. रोज शेकडो पासांवर तोच चुकीचा शब्द छापून जायचा. बेबीताईंनी वरच्यांना सांगितलं. वरच्यांनी प्रोग्राम विकणाऱ्यांना सांगितलं. त्यांनी कळवलं की आतला कोड आमचा आहे, तो बंद आहे, तुम्हाला हात लावता येणार नाही, बदल पुढच्या करारात बघू. पुढचा करार काही आला नाही. नऊ वर्षं बेबीताई चुकीचा शब्द छापत राहिल्या.

"नऊ वरसं!" हे सांगताना अजून त्यांचा आवाज चढतो. "एक अक्षर. मना दिसतंय, मना ठावं हाय, आन हात लावायचा नाय. माझ्या गेटवर!"

या रागाने त्या घरी बसून कोड शिकायला लागल्या. आणि शिकता शिकता त्यांना इंटरनेटवर एक गोष्ट सापडली, जिच्यावर त्यांचा आधी विश्वासच बसला नाही. कोणा अनोळखी माणसाने पत्ते तयार करायचं एक साधन लिहिलं होतं. आपण तक्ता भरायचा, प्रत्येक ओळीत एका पत्त्याचं नाव, चित्र, मजकूर. आणि ते साधन एकेका ओळीचा एकेक पत्ता करून देतं, छापायला तयार. ते फुकट होतं. पण बेबीताईंना फुकटाचं काही वाटलं नाही. त्यांना वेड लागलं ते दुसऱ्याच गोष्टीने. त्याचा सगळा कोडही त्याने समोर ठेवला होता. वाचा, बदला, सुधारा.

"म्हंजे बगा," त्या मला सांगतात, "शेजारनीनं निवट्या माशांचा कालवन दिला तर आपन देव मानतो तिला. या मानसानं कालवन दिला, वाटनात काय काय घातला ते लिवून दिला, वर म्हनतो मीठ कमी वाटला तर माझ्याच टोपात टाका!"

त्या माणसाचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. नावाच्या जागी टोपी घातलेल्या अस्वलाचं चित्र होतं. बेबीताईंनी त्याचं नाव अस्वलभाऊ ठेवलं. "थंडीतला कुठला तरी असनार," एवढाच त्यांचा अंदाज.

पहिला पत्ता छापला तेव्हा घोटाळा झाला. साधन इंग्रजीसाठी लिहिलेलं. मराठी मजकूर टाकला की पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायला हवी ती नंतर पडायची, आणि जोडाक्षरं मधोमध फाटायची. 'सेक्रेटरी' असा पत्ता होता. त्यातल्या सेक्रेटरीचे दोन तुकडे झाले. बेबीताईंनी अस्वलभाऊला पत्र लिहिलं. ते मी पाहिलंय, अजून तिथे आहे. 'डिअर सर, तुमचा प्रोग्राम फार चांगला आहे. पण माझ्या भाषेत वेलांटी चुकीच्या घरी जात आहे. कृपया फोटो पाहा. तुम्ही बिझी असाल तर मला फक्त दार कुठे आहे ते दाखवा, मी स्वतः जाईन.'

अस्वलभाऊने दार दाखवलं. कोणत्या फाइलीत, साधारण कुठे. बेबीताई सात आठवडे त्या दारात बसल्या. सात आठवड्यांनी तीन ओळी लिहिल्या. अस्वलभाऊने त्या तपासल्या, आभार मानले आणि आपल्या साधनात कायमच्या घेतल्या.

त्या दिवशी बेबीताईंनी बिल्डिंगभर पेढे वाटले. कुणाला काहीच कळेना. तळमजल्यावर समजूत झाली की गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांतला प्लॉट मिळाला. दुसऱ्या मजल्यावर कुजबुज की ताईंनी या वयात लग्न ठरवलं. सुजाताने पेढा घेतला आणि विचारलं, "कशाचे हो ताई?"

"माझ्या वळी घेतल्या."

"किती?"

"तीन."

सुजाताने माझ्याकडे पाहिलं. मी तिला नंतर समजावलं की आता जगात कुठेही कोणी त्या साधनातून मराठी पत्ता छापला तर त्यात बेबीताईंच्या तीन ओळी चालणार. सुजाता म्हणाली, "इतक्या वर्षांत तुमच्या कशाचे पेढे वाटले नाहीत आपण." त्यानंतर त्या विषयावर मी घरी बोललो नाही.

सोसायटीची वेबसाइटही त्यांनीच केली. तीसुद्धा असल्याच खुल्या साधनातून. साध्या मजकुराच्या फायली लिहायच्या, त्याची पानं आपोआप होतात. आमचे सेक्रेटरी सावंतसाहेब खूश झाले, कारण खर्च नव्हता. त्यांना कल्पना नव्हती की या पद्धतीत प्रत्येक बदलाची नोंद राहते. काय खोडलं ते लाल, काय घातलं ते हिरवं. मीटिंगच्या इतिवृत्तात 'सावंत यांनी पंप दुरुस्तीचे आश्वासन दिले' असं वाक्य होतं. सावंतसाहेबांनी ते गुपचूप बदलून 'पंप दुरुस्तीवर चर्चा झाली' केलं. सकाळी बिल्डिंगमधल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर एक लाल ओळ, एक हिरवी ओळ आणि शेजारी नाव : सावंत.

"ताई, हे काढा," सावंतसाहेब घामाघूम.

"काढते. पन काढला ते बी दिसनार."

पाण्यावरून ए आणि बी विंगचं भांडण इतकं पेटलं की लोक लिफ्टमध्ये एकमेकांकडे पाठ करून उभे राहायचे. बेबीताईंनी त्यावर 'टाकी' नावाचा खेळ काढला. पंप, व्हॉल्व्ह, टँकर, गळका नळ, असे पत्ते. दोन्ही विंगांची माणसं गच्चीवर बसवली आणि पत्ते वाटले. नियम असा की टाकी रिकामी झाली तर सगळेच हरले. पहिले तीन डाव सगळेच हरले. चौथ्या डावात सावंतसाहेबांच्या बाहीतून टँकर पडला.

"नियमच चुकीचा आहे," सावंतसाहेब म्हणाले. "लपवता येतं म्हणून माणूस लपवतो."

सगळे हसले. बेबीताई हसल्या नाहीत. त्यांनी वही काढली. "बरोबर हाय तुमचा. टँकर उघडा ठेवायला पायजे. पुढच्या व्हर्जनला करते. इश्यू टाका, तुमच्या नावानं घेते." आणि खरंच पुढच्या खेळात टँकरचे पत्ते टेबलावर उघडे आले, आणि नियमांच्या खाली लिहिलेलं, 'सुधारणा : श्री. सावंत'. सावंतसाहेबांनी ते पान फ्रेम करून ऑफिसात लावलंय. पाण्याचं वेळापत्रकही त्यानंतर नोटीस बोर्डावर उघडं लागायला लागलं. भांडण मिटलं म्हणवत नाही, पण लिफ्टमध्ये लोक समोरासमोर उभे राहतात.

गेल्या वर्षी पावसाळ्यानंतरची गोष्ट. शनिवारी सकाळी बेबीताई खाली आल्या. कधी येत नाहीत. हातात मोबाइल, चेहरा पडलेला.

"जाधव, हे वाचा. मी बरोबर वाचला का सांगा."

अस्वलभाऊने त्या साधनाच्या पानावर दोन वाक्यं लिहिली होती. मी थकलो आहे. यापुढे मी हे सांभाळू शकणार नाही.

बेबीताईंचे सहा खेळ त्या साधनावर उभे होते. सातवा अर्धा झालेला. ते साधन कोणी सांभाळलं नाही तर हळूहळू गंजणार. आज ना उद्या वेलांट्या पुन्हा परक्या घरी जाणार. मी खाली खाली सरकवत लोकांच्या प्रतिक्रिया वाचल्या. पन्नास-साठ होत्या. एकाने लिहिलं होतं, माझा खेळ पुढच्या महिन्यात छापायला जायचाय, मी काय करू? दुसऱ्याने, निदान मी टाकलेली चूक तरी दुरुस्त करून जा. तिसऱ्याने, हे बेजबाबदारपणाचं आहे. एकाने मोठी यादी दिली होती, जायच्या आधी करायच्या कामांची.

"मला पण लिवायचाय," बेबीताई म्हणाल्या. "पन इंग्रजी तुमी सांगा."

मी कंपनीतल्या सवयीने सुरुवात केली. आपण आजवर केलेल्या योगदानाबद्दल आम्ही मनःपूर्वक आभारी आहोत, तथापि हस्तांतराच्या दृष्टीने...

"हे नको. हे यार्डातल्या निरोपासारखा वाटतंय. रिटायर झाले तवा मना असाच कागद दिला होता." त्यांनी ती दोन वाक्यं पुन्हा बोट ठेवून वाचली. मग म्हणाल्या, "त्याला इचारा, जेवलास का."

मी हसलो. "ताई, तिकडे असं विचारत नाहीत."

"मग काय इचारतात?"

"काही विचारत नाहीत. ज्याचं त्याचं असतं."

"मानूस थकलो म्हनतो आन कोनी काय इचारत नाय?"

"ते खाजगी असतं, ताई. त्याला विचित्र वाटेल. आणि सगळ्या जगाला दिसेल ते."

त्यांनी माझ्या हातातून मोबाइल घेतला, चष्मा नाकावर ओढला आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, स्वतःच लिहिलं. 'डिअर सर, डिड यू ईट युवर फूड?' खाली नाव, बेबी. पाठवून दिलं.

मला लाज वाटली, खोटं कशाला सांगू. सोमवारी कंपनीत बसून मी ते पान उघडलं. वरखाली चिडलेल्या माणसांचे परिच्छेदच्या परिच्छेद, आणि मध्ये ती एक ओळ. कुणीतरी त्याखाली हसरा चेहरा टाकला होता. मंगळवारी पाहिलं, बुधवारी पाहिलं. अस्वलभाऊचं कुणालाच काही उत्तर नव्हतं. बेबीताई भेटल्या की मी विषय टाळायचो. त्या मात्र शांत होत्या. "उत्तर कशाला पायजे? जेवला म्हंजे झाला."

पुढच्या शनिवारी दुपारी पावणेदोनच्या सुमाराला वरून फोन आला. "या जरा. लांबलचक लिवलाय त्यानं. मना समदा लागत नाय."

मी वर गेलो. त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला आणि स्वतः पदर नसलेल्या गाऊनचा नसलेला पदर सावरून समोर बसल्या. मी वाचून मराठीत सांगत गेलो.

त्याने लिहिलं होतं, बेबी, तुझी ओळ मी वाचली तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि मी काही खाल्लेलं नव्हतं. आदल्या दिवशी खाल्लं होतं की नाही तेही आठवेना. हे साधन मी अकरा वर्षं सांभाळलं. हजारो लोकांनी मला हजारो गोष्टी विचारल्या. हे कुणी विचारलं नव्हतं. मी उठलो आणि दोन अंडी उकडली. उभ्यानेच खाल्ली. मग बसून थोडा रडलो, मग झोपलो. आठवडाभर मी कॉम्प्युटर उघडला नाही. आता बरा आहे. साधन मी एकटा सांभाळणार नाही, पण सोडूनही जाणार नाही. तिघं-चौघं वाटून घेणार आहोत. भारतीय लिप्यांचं काम बघायला कोणी हवं आहे. तू बघशील का?

मी वाचायचा थांबलो. एवढी मोठी गोष्ट. मला वाटलं आता पेढे.

"दोन अंड्यांनी काय व्हतंय?" बेबीताई म्हणाल्या. "भाकरी नाय, काय नाय. उभ्यानं खाल्ली म्हनतो." आणि त्या उठल्या. "बसा, चा टाकते."

त्या आत गेल्या त्या बराच वेळ आल्या नाहीत. भांड्याचा आवाज नाही, गॅसचा नाही. मी हाक मारली, मग आत डोकावलो. बेबीताई ओट्याला टेकून उभ्या होत्या, पाठ माझ्याकडे. गॅस पुसून लख्ख, त्यावर काही नाही. कुकर पालथा. सिंकमध्ये एक कप. ओट्यावर बिस्किटांचा अर्धा पुडा, तोंडाला रबर लावलेला. दोन वाजून गेले होते.

माझ्या डोळ्यांसमोर उगाच जासईचा बंगला आला. ताई गणपतीला तिथे जातात, चाळीस माणसांचा स्वयंपाक करून परत येतात, आणि आल्यावर दोन दिवस पाय चेपत बसतात, हे मला माहीत होतं. आणि मी? इतक्या वर्षांत मी वर आलो तो आवाजासाठी, वेबसाइटसाठी, खेळ बघायला. मोटर बंद पडली म्हणून. एकदा तर आमच्या पार्सलवर सही करा म्हणून.

"ताई," मी म्हणालो, "तुमचं जेवण झालं?"

त्यांनी वळून आधी माझ्यामागे पाहिलं, मी दुसऱ्या कुणाला तर विचारलं नाही ना म्हणून.

"माझा?" त्या म्हणाल्या. "माझा व्हतंय की. केवा बी. एकटीसाठी काय टाकायचा..."

"खाली चला."

"अवो नको, सुजाताला कशाला तरास. आन गाऊनवर..."

"चला."

त्या गाऊनवर ओढणी घेऊन जिना उतरल्या. सुजाताला मी काही सांगितलं नाही. तिने एकदा ताईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ताट घेतलं. भात, वालाचं बिरडं, तळलेले बोंबील, लिंबाची फोड. ताई ताटासमोर बसल्या, पण हात मांडीवरच. वाढणाऱ्या हाताकडे बघत होत्या.

"घ्या ना ताई," सुजाता म्हणाली.

मग त्या जेवायला लागल्या. हळू, खाली मान घालून. सुजाताने बोंबील वाढला. बिरडं वाढलं. आपल्याकडे दुसऱ्या वाढीला माणूस नको म्हणतो, तिसऱ्या वाढीला ताटावर हात आडवा धरतो. सुजाता भाताचं भांडं घेऊन तिसऱ्यांदा आली आणि सवयीने जरा थांबली.

बेबीताईंनी हात आडवा धरला नाही. सुजाताने वाढलं.